आधी सर्व्हरची केबल काढून बघा

आमच्या कॉलेजात काही वर्षांपूर्वीपर्यंत सबमिशनच्या आठवड्यात एकच देखावा असायचा. पोरं गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवून या लॅबमधून त्या लॅबमध्ये पळतायत, आणि कुणीतरी दारात उभं राहून विनवतंय, "सर, माझा प्रोजेक्ट सतरा नंबरच्या मशीनवर आहे, तिथं दुसरी बॅच बसलीया." कॉलेज सांगलीतलं, एवढं पुरे. कॉम्प्युटर तीनशेच्या आसपास, आणि ते सांभाळायला मी, एक लॅब असिस्टंट आणि शिपाईमामा.

यावरचा उपाय जुना आणि माहितीतला आहे. सगळ्यांच्या फाइली एका सर्व्हरवर ठेवायच्या. पोरगं कुठल्याही मशीनवर बसून लॉगिन झालं की त्याचं फोल्डर समोर हजर. अशा व्यवस्थेला नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणतात. लिनक्सच्या जगात एनएफएस, विंडोजच्या जगात एसएमबी, आणि मोठ्या विद्यापीठांच्या जगात एएफएस ही त्यातली ठळक नावं. आमच्याकडे लॅबना एनएफएस आणि ऑफिसला एसएमबी अशी वाटणी झाली.

यातला सर्व्हर सगळ्यांना दिसतो. त्याला एसीची खोली असते, दाराला कुलूप असतं, उद्घाटनाला नारळ फुटतो. (२०१९ च्या महापुरानंतर ती खोली तळमजल्यावर ठेवायला सांगलीत कुणी धजत नाही. निदान धजू नये.) क्लायंट मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. क्लायंट म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवर बसलेला तो भाग, जो सर्व्हरवरची फाइल या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच आहे असं भासवतो. त्याचं काम सराईतपणे थाप मारायचं. एक्सेलला, ब्राउझरला, सी कंपायलरला पत्ताच नसतो की फाइल दुसऱ्या इमारतीत आहे. ही थाप पचायची तर क्लायंटला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसावं लागतं. म्हणूनच तो अडकला की एखादा प्रोग्राम अडकून भागत नाही, अख्खं मशीन गळाठतं. सर्व्हर बिघडला तर दुरुस्तीला एकच जागा. क्लायंट चुकीचा बसवला असेल तर तीच चूक तीनशे ठिकाणी बसवलेली असते आणि ती काढायला मामांना घेऊन तीनशे खुर्च्यांपाशी जावं लागतं.

प्राचार्यांनी विचारलं होतं, "टेस्ट केलंय ना सगळं?" मी म्हणालो, "केलंय की." माझी टेस्ट म्हणजे एका मशीनवर फाइल लिहिली, दुसऱ्यावर उघडली, दिसली. एवढ्यावर मी हो म्हणून मोकळा झालो होतो. त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते या लेखात आहे.

"बदलली का?"

थोडा इतिहास सांगतो, कारण कॅम्पसभर बसवण्याआधी चाचणी का करायची याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साथीने अँड्र्यू नावाचा प्रकल्प हाती घेतला. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन, दोन्ही नावांत अँड्र्यू, म्हणून ते नाव. कॅम्पसवरच्या प्रत्येकाला स्वतःचा कॉम्प्युटर आणि सगळ्यांच्या फाइली एकाच सामायिक व्यवस्थेत, हा बेत. आकडा पाच ते दहा हजार मशीनचा धरलेला. या फाइल सिस्टिमच्या, म्हणजेच वर नाव घेतलेल्या एएफएसच्या, प्रमुख शिल्पकारांत महादेव सत्यनारायणन होते, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. या मंडळींनी थेट दहा हजार मशीनवर उडी घेतली नाही. आधी कच्ची आवृत्ती करून सुमारे शंभर मशीन आणि सहा सर्व्हरवर खरोखरच्या माणसांना वापरायला दिली, आणि सर्व्हरकडे येणारी प्रत्येक विनंती मोजली.

मोजल्यावर जे दिसलं ते गमतीचं होतं. क्लायंट फाइल एकदा आणून आपल्याजवळ ठेवून घेत होता, म्हणजे फाइल आणण्या-नेण्याची वर्दळ किरकोळ होती. सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी जवळजवळ ९० टक्के फक्त दोनच प्रकारच्या होत्या. एक, "माझ्याकडची प्रत अजून चालेल ना?" आणि दोन, "या फाइलची माहिती सांग." सर्व्हरचा दिवस फाइली देण्यात जातच नव्हता, चौकशांना उत्तरं देण्यात जात होता. शंभर मशीनवर हे दिसलं म्हणून निभावलं. दहा हजारांवर दिसलं असतं तर व्यवस्था पहिल्याच सकाळी आडवी झाली असती.

त्यांचा उपाय सांगलीकराला समजवायला मार्केट यार्डात जाऊ. समजा तुमचं जतला किराणा दुकान आहे आणि हळदीचा भाव सांगलीच्या सौद्यात ठरतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही दरवेळी अडत्याला फोन करून विचारता, "भाव बदलला का?" दिवसात दोनशे फोन, आणि एकशे नव्वद वेळा उत्तर तेच, "न्हाई ओ, तोच हाय." शेवटी अडत्या वैतागून म्हणतो, "भाव बदलला की मीच फोन करतो. तोवर हाच धरा." फोन दोनशेवरून दहावर आले. एएफएसमध्ये या वचनाला कॉलबॅक म्हणतात. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत आणि एसएमबीमध्येही याच जातीची वचनं आहेत, नावं वेगळी.

आता अडत्याने फोन केला आणि तुमचा मोबाइल रेंजमध्ये नसला तर? तुम्ही जुन्या भावाने निवांत हळद विकत बसणार, आणि वचनावर विश्वास असल्यामुळे शंकाही येणार नाही. क्लायंटच्या बाबतीत ही "रेंज" जाते ती फायरवॉलमुळे, किंवा हॉस्टेलच्या राउटरमागे बसलेल्या मशीनमुळे. मशीन सर्व्हरला हाक मारू शकतं, पण सर्व्हरने स्वतःहून मारलेली हाक राउटर आत सोडत नाही. माझ्या टेबलावरच्या दोन मशीनमध्ये राउटर नव्हताच, त्यामुळे हे दिसायचा प्रश्नच नव्हता. क्लायंट तपासायचा तर तो ज्या जागी राहणार त्या जागेवरून, हॉस्टेलच्या वायफायवरून, लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या जुन्या स्विचवरून तपासावा लागतो.

लॅबमध्ये एनएफएसचा जो साधा प्रकार आम्ही वापरला, तो याउलट दर थोड्या वेळाने विचारणारा. लिनक्सवर मूळ सेटिंग असं की फाइलबद्दलची माहिती ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरबद्दलची ३० ते ६० सेकंद क्लायंट ताजी मानून चालतो. वाचताना हे किरकोळ वाटतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांनी प्रश्नांची फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि म्हणाले, "उघडा." अर्ध्या पोरांना दिसली, अर्ध्यांना दिसेना. ज्यांनी उतावळेपणाने फोल्डर आधीच उघडून बघितलं होतं त्यांच्या मशीनला "फोल्डर रिकामं आहे" ही माहिती अजून ताजीच वाटत होती. अर्ध्या मिनिटाने सगळ्यांना दिसली, पण तोवर माझ्या नावाने लॅबमध्ये जो गलका झाला तो कॉरिडॉरभर ऐकू गेला. त्या फोल्डरपुरती मुदत कमी केली, बाकी तशीच ठेवली, कारण सगळीकडे कमी केली की पुन्हा अँड्र्यूवाल्यांची नव्वद टक्के चौकशी सुरू.

केबल

मग एका बुधवारी दुपारी मी सर्व्हरची केबल काढली. मामा धावत आले. "सर, केबल निसटलीया वाटतं."

"निसटली नाही मामा, काढली मी."

"कशाला ओ, चांगलं चाललं हुतं की."

चांगलं चाललेलं मोडून बघणं, हाच या कामाचा गाभा आहे आणि तोच कुणी करत नाही. केबल काढल्यावर लॅबमधल्या दहा चाचणी-मशीनवर काय होतं ते आम्ही फिरून बघितलं. उघडा एडिटर गोठला, ते ठीकच. पण जिथं सर्व्हरवरची एकही फाइल उघडी नव्हती तिथंही डेस्कटॉप गोठला, कारण डेस्कटॉप दर थोड्या वेळाने स्वतःच्या सेटिंगच्या फाइली चाळतो आणि त्या सर्व्हरवरच्या घरात, म्हणजे वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये. काय झालं बघावं म्हणून मी डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली, तर तीही गोठली. तिला सगळ्या डिस्कांना विचारायचं असतं आणि त्यातली एक उत्तर देत नव्हती. व्यवस्थापकाचं म्हणून वेगळं लॉगिन ठेवलं होतं, त्याचं घरसुद्धा सर्व्हरवर! म्हणजे दुरुस्ती करायला आत शिरायचीही सोय नाही. त्या दिवसापासून व्यवस्थापकाचं घर प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर आहे. लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

इथं एक निवड करावी लागते. सर्व्हर उत्तर देत नसेल तर क्लायंटने किती वाट बघायची? एनएफएसमध्ये ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असे दोन मार्ग आहेत. हार्ड म्हणजे सर्व्हर येईपर्यंत धरणं. मशीन गोठलेलं दिसतं, पण केबल परत लावली की काम जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं, अक्षरही हरवत नाही. सॉफ्ट म्हणजे थोडे प्रयत्न करून क्लायंट हात वर करतो आणि प्रोग्रामला सांगतो, "जमलं नाही." ऐकायला सॉफ्ट शहाणपणाचं वाटतं. अडचण अशी की बरेच प्रोग्राम हे उत्तर ऐकूनच घेत नाहीत. डिस्कवर लिहिणं फसू शकतं हे त्यांच्या लेखकाच्या स्वप्नातही नसतं, आणि मग अर्धवट लिहिलेली फाइल ‘सेव्ह झाली’ म्हणून मिरवते. लिनक्सचं मॅन्युअलसुद्धा याबद्दल सावध करतं. विद्यार्थ्यांच्या फाइलींना मी डोळे झाकून हार्ड घेतो. पोरगं दोन मिनिटं वैतागलेलं चालेल, त्याचा प्रोजेक्ट अर्धा झालेला चालणार नाही.

केबल काढणं सोपं असतं, कारण मेलेला सर्व्हर ओळखू येतो. आजारी सर्व्हर जास्त छळतो. स्विचचं पोर्ट खराब आहे, शंभरातली दोन पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) हरवतायत, उत्तर येतंय पण रखडत. लिनक्समध्ये ‘टीसी’ नावाची आज्ञा आहे, तिच्या ‘नेटएम’ या भागाने असं आजारपण मुद्दाम आणता येतं. प्रत्येक पाकिटाला २०० मिलिसेकंद उशीर कर, दोन टक्के पाकिटं टाकून दे, असं सांगायचं. एक दुपार अशा नेटवर्कवर स्वतः काम करून बघा. तुमचंच डोकं फिरेल, आणि "स्लो आहे" म्हणून येणाऱ्या माणसाशी पुढं नीट बोलाल.

लाइट आल्यावरचं दीड मिनिट

ही गोष्ट टेबलावरच्या चाचणीत आम्हाला कधीच सापडली नसती. ती महावितरणने शोधून दिली.

एका लॅबपुरता क्लायंट चालू केला होता, साठ मशीन. दुपारी लाइट गेली, सर्व्हरचा यूपीएस नेमका त्याच आठवड्यात बॅटरीसाठी उघडून ठेवलेला, म्हणून सर्व्हरही बंद. लाइट आली. साठ मशीन एकदम चालू झाली, पोरांनी एकदम लॉगिन केलं आणि सगळे पडदे गोठले. मी सर्व्हरपाशी, तो तर ठणठणीत चालू. मामा तिकडं एकेका मशीनचं बटण दाबून रीस्टार्ट करत सुटलेले. पहिल्या रांगेची मशीन पुन्हा चालू होऊन लॉगिनला येईपर्यंत मागच्या रांगेची मशीन, ज्यांना मामांचा हात लागला नव्हता, आपोआप मोकळी झाली. मामा चक्रावले.

झालं होतं ते असं. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुठल्या क्लायंटने कुठली फाइल उघडली आहे, कुणी कुलूप लावलंय, याची आठवण सर्व्हर ठेवतो. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की तो लगेच नव्या लोकांना फाइली उघडू देत नाही. आधी जुन्या मालकांना संधी देतो, "ज्यांची कुलपं होती त्यांनी येऊन हक्क सांगा." ही सवलतीची मुदत लिनक्सच्या सर्व्हरवर मुळात ९० सेकंदांची असते. तेवढा वेळ नवी मागणी थांबून राहते. ही थांबणूक योग्यच आहे. ती नसती तर लाइट जाण्याआधी एकाने धरलेली फाइल लाइट आल्यावर दुसऱ्याने बळकावली असती.

आम्ही सेटिंगला हात लावला नाही. फळ्याच्या बाजूला एक कागद चिकटवला: "लाइट आल्यावर दोन मिनिटं कशालाही हात लावू नये." मामा तो कागद सगळ्यांना वाचून दाखवतात.

त्याच दुपारी आणखी एक भूत निघालं. कोपऱ्यातली तीन जुनी मशीन दोन मिनिटांनीही लॉगिन घेईनात. पासवर्ड बरोबर, नेटवर्क बरोबर. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख पाच-सात वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. लाइट होती तोवर घड्याळ चालत होतं, लाइट जाताच ते भूतकाळात गेलं. ओळख पटवायला आम्ही केर्बेरॉस वापरतो. त्यात प्रत्येकाला मुदतीचं तिकीट मिळतं, म्हणून दोन्ही बाजूंची घड्याळं जुळावी लागतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक त्याला चालत नाही. घड्याळ जुळवणारी सेवा मशीनमध्ये होती, पण ती लॉगिनच्या नंतर सुरू होत होती. क्रम बदलला. आणि तीन सेल आणले, एकूण खर्च दोन चहा-भजीच्या प्लेटांएवढा.

तिकिटाला मुदत असते हेही चाचणीत धरायचं. ती साधारण दहा ते चोवीस तासांची ठेवतात. शेवटच्या वर्षाची पोरं रात्री प्रोग्राम चालू ठेवून घरी जातात. संध्याकाळी सहाला मिळालेलं दहा तासांचं तिकीट पहाटे चारला संपतं आणि त्यानंतर प्रोग्रामला स्वतःच्याच घरात परवानगी नाकारली जाते. सकाळी पोरगं येऊन म्हणतं, "रात्री चाललं हुतं सर, आपोआप बंद पडलं." दुपारी तासभर केलेल्या कुठल्याही चाचणीत हे दिसणार नाही. एक मशीन तरी दोन रात्री सलग चालवलं पाहिजे.

सेव्ह झालं म्हणजे कुठं झालं

गती वाढवायला क्लायंट लिहिलेला मजकूर आधी स्वतःजवळ साठवतो आणि फाइल बंद करताना एकदम सर्व्हरकडे पाठवतो. एएफएसचा तर हा मूळ स्वभाव, एनएफएसही मोठ्या प्रमाणात तसंच वागतं. म्हणजे "जागा संपली" ही तक्रार प्रोग्रामला लिहिताना मिळत नाही, फाइल बंद करताना मिळते. आणि फाइल बंद करताना काही चुकू शकतं हे तपासणारे प्रोग्राम थोडेच.

एक चाचणी खातं काढा, त्याला मुद्दाम १० एमबीचीच मर्यादा घाला, आणि कॅम्पसवर वापरला जाणारा एकेक प्रोग्राम घेऊन १२ एमबीची फाइल सेव्ह करून बघा. आमच्याकडे बहुतेकांनी सरळ तक्रार केली. ड्रॉइंगचा एक जुना प्रोग्राम मात्र हसतमुखाने ‘सेव्ह झाली’ म्हणाला, आणि सर्व्हरवर बघितलं तर शून्य बाइटची फाइल. जुनी फाइलही गेली, कारण त्याने आधी ती पुसून मग नवी लिहायला घेतली होती. तो प्रोग्राम वापरणाऱ्या विभागाला आम्ही मर्यादाच मोठी दिली आणि नव्वद टक्के भरली की ईमेल जाईल अशी सोय केली. हा पूर्ण इलाज नव्हे. पण प्रोग्राम बदलणं माझ्या हातात नव्हतं.

दोघांनी एकच फाइल उघडून दोघांनी सेव्ह केली तर सहसा ज्याने शेवटी बंद केली त्याची राहते, हेही बघून ठेवा. ऑफिसात दोन मॅडम एकाच हजेरीपत्रकात काम करत असतील तर हे भांडणाचं कारण होतं.

दुसऱ्या वर्षाच्या दोन फाइली

परदेशात लिहिलेल्या चाचणी-संचांत हा भाग मला कुठंच भेटला नाही, आणि आपल्याकडे तो पहिल्याच आठवड्यात उपटतो. मराठी फाइलनावं.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं. युनिकोडमध्ये द, उकार, स, ऱ, हलंत, य, काना अशा सात खुणा. यातला ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकतर अख्खा ऱ एकाच खुणेत, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता (अक्षराखालचा टिंब), अशा दोन खुणांत. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमानेही दोन्ही समानच मानायचे. पण लिनक्सच्या सर्व्हरला नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मॅकची जुनी फाइल सिस्टिम तर नावं अशी सुटी करूनच ठेवायची. आमच्या एका विभागात ‘दुसऱ्या वर्षाचे गुण’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या सापडल्या, दोन्हींत वेगवेगळे गुण, आणि सर मला विचारतायत, "एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली? हे शक्य कसं आहे?" शक्य कसं आहे हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा कुठं पटलं.

दुसरं प्रकरण लांबीचं. ऑफिसातल्या मॅडमची एक फाइल नव्या सर्व्हरवर जाईना. नाव होतं: ‘तृतीय वर्ष संगणक अभियांत्रिकी विभागाच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती तपासणी यादी अंतिम दुरुस्त’. विंडोजच्या डिस्कवर नावाला २५५ खुणांची मुभा असते. हे नाव शेवटच्या एक्सेलच्या शेपटीसकट ९९ खुणांचं, म्हणजे तिथं मजेत मावत होतं. सर्व्हरवरच्या लिनक्स डिस्कची मर्यादाही २५५ चीच, पण ती बाइटांची. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. मोजलं तर नाव भरलं २६७ बाइट. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला जिथं २५५ अक्षरं मिळतात तिथं आपल्याला ८५ खुणा, तेही मधे जागा न सोडता. मॅडम म्हणाल्या, "मग काय, मराठीत नावं ठेवायची नाहीत का?" ठेवायची, फक्त ‘अंतिम दुरुस्त’ तेवढं काढा असं म्हणालो. बसवण्याआधी जुन्या डिस्कवरच्या सगळ्या नावांची बाइटांत लांबी मोजणारी चार ओळींची स्क्रिप्ट चालवली असती तर हा संवाद वाचला असता. पुढच्या इमारतीच्या वेळी चालवली, तशी एकवीस नावं निघाली.

लहान फाइलींचं थोडक्यात सांगतो. नेटवर्कवर वेग पाहायला लोक एक मोठी फाइल कॉपी करतात आणि खूश होतात. पण पोरांचा प्रोजेक्ट म्हणजे हजारो बारक्या फाइली. पाच हजार फाइली, प्रत्येकीला सर्व्हरकडे चार हेलपाटे, असे वीस हजार हेलपाटे. एका हेलपाट्याला अर्धा मिलिसेकंद लागला तर दहा सेकंद. हॉस्टेलच्या वायफायवर दहा मिलिसेकंद लागले तर दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. तार कितीही जाड टाकली तरी हेलपाट्यांची संख्या तीच. तेव्हा चाचणी पोरांच्या खऱ्या प्रोजेक्टवर घ्या, एका मोठ्या सिनेमाच्या फाइलवर नको.

संक्रांतीची दुपार

इतकं सगळं करूनही निसटतं ते कसं, याचा एक नमुना. १४ जानेवारी २०२१, आपल्याकडे मकर संक्रांत. भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ५५ मिनिटं ३६ सेकंदांनी जगभरातल्या ओपन एएफएसच्या, म्हणजे एएफएसच्या खुल्या आवृत्तीच्या, १.८ मालिकेत एक बिघाड जागा झाला. कॉम्प्युटर १९७० पासूनचे सेकंद मोजतात, त्या मोजणीत १६१,०६,१२,७३६ हा आकडा तेव्हा आला. दशमानात तो ओबडधोबड दिसतो, कॉम्प्युटरच्या सोळामानात तो सहावर सात शून्यं असा गोल आहे. प्रत्येक नव्या जोडणीला वेगळा क्रमांक देण्याचं गणित त्या क्षणापासून चुकायला लागलं. गंमत म्हणजे जी मशीन आधीपासून चालू होती ती चालतच राहिली. ज्यांनी त्यानंतर रीस्टार्ट केलं ती अडकली. १.८.७ ही दुरुस्त आवृत्ती लगोलग आली, पण तोवर "अडलंय ना, मग रीस्टार्ट करून बघा" हा जगातला सगळ्यात लोकप्रिय सल्ला नेमका उलटा पडत होता.

आम्ही एएफएस वापरत नाही. तरी ही हकिगत वाचून आमच्या यादीत दोन ओळी वाढल्या. प्रत्येक चाचणीनंतर मशीन रीस्टार्ट करून तीच चाचणी पुन्हा. आणि सर्व्हरसकट एका सुट्या जोडीचं घड्याळ महिनाभर, वर्षभर पुढं सरकवून दिवसभराचं काम.

आधी कुणाला द्यायचं

पहिली दहा माणसं निवडताना मी चूक केली. माझ्या मर्जीतली, कॉम्प्युटर जाणणारी, समजूतदार माणसं निवडली. ती अडचण आली की स्वतःच वाट काढायची आणि मला सांगायची, "चाललंय की." दुसऱ्या फेरीत खोडी काढणारे घेतले. चौदा एक्सेल एकदम उघडे ठेवणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम, रात्री राहणारी पोरं, आणि प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध करणारे एक ज्येष्ठ सर. त्या सरांनी एकट्यांनी पहिल्या आठवड्यात अकरा तक्रारी दिल्या, त्यातल्या सात खऱ्या निघाल्या.

तक्रारीला आम्ही शंभर पानी वही दोरीने टेबलाला बांधली. तीनच रकाने: किती वाजता, कुठलं मशीन, त्या वेळी काय करत होता. "स्लो आहे" लिहायला मनाई. वेळ कळली की सर्व्हरच्या नोंदीत तो क्षण गाठता येतो. वेळ नसली तर नुसतं अंधारात चाचपडणं.

माघार कशी घ्यायची हे पुढं जाण्याआधीच तपासलं. क्लायंट काढून टाकल्यावर मशीन पहिल्यासारखं होतं का, पोरांच्या सर्व्हरवरच्या फाइली दुसऱ्या वाटेने मिळतात का, आणि हे सगळं माझ्याशिवाय लॅब असिस्टंटला कागद वाचून जमतं का. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही. कागदावर मी एक पायरी गाळली होती, कारण ती माझ्या बोटांना पाठ होती.

एका लॅबवरून दोन, दोनवरून एक इमारत, मग सगळं, असं करत पाऊण सत्र गेलं. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कशालाच हात लावला नाही, कर्नलचे अपडेटही थांबवून ठेवले. आज तीनशेपैकी दोनशे नव्वदच्या वर मशीनवर क्लायंट आहे. उरलेली सात त्या ड्रॉइंगच्या प्रोग्रामची आहेत. त्यांच्यावर अजून पेन ड्राइव्ह चालतो, आणि तिथली पोरं अजून माझ्या दारात येऊन उभी राहतात.